दुखण्याच्या पोटातला दंड

रायपूर शहर उत्तरेकडे संपलं असं वाटतं, तिथे बीरगांव सुरू होतं. कागदोपत्री त्याची महानगरपालिका वेगळी, पण रस्त्याने जाणाऱ्याला शीव कुठे ओलांडली ते समजत नाही. शेजारीच उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या रोलिंग मिलमध्ये तापून लाल झालेलं लोखंड रुळांमधून दाबून त्याच्या सळ्या काढतात. कामाला माणसं आसपासच्या खेड्यांतून येतात, तशीच बिहार, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातूनही येतात. अशा गावातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर एकाच दुखण्याची चार-पाच नावं ऐकू येतात. छत्तीसगढी कामगार कंबर धरून म्हणतो, "डाक्टर साहेब, मोर कनिहा पिरावत हे." परप्रांतातला म्हणतो, "दर्द है." रायपुरात मराठी कुटुंबंही पिढ्यान् पिढ्या आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. अशा मराठी घरातली आजी म्हणते, "कंबर दुखतेय हो फार." डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घेतात आणि चिठ्ठीवर इंग्रजीत एकच शब्द लिहितात: पेन.

देवनागरीत लिहिला की हा शब्द खिशातल्या लेखणीसारखाच दिसतो. त्यामुळे आपण मराठीत तो सुटा फारसा वापरत नाही, पेनकिलर म्हणून मात्र रोज वापरतो. या प्रकरणात त्या पेनची कुळकथा आहे. पण आधी 'पिरावत हे'कडे पाहू, कारण ते आपल्या जास्त जवळचं आहे.

छत्तीसगढीत दुखणं म्हणजे पीरा. डोकेदुखी ती मूड़ पीरा, पोटदुखी ती पेट पीरा. या भाषेचं व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 साली लिहिलं आणि 1890 मध्ये ग्रियर्सन यांनी ते इंग्रजीत आणलं. म्हणजे व्याकरणाच्या बाबतीत ही काही कालपरवाची बोली नव्हे. पीरा आला आहे संस्कृत 'पीडा'वरून आणि पीडेचा धातू आहे पीड्, म्हणजे दाबणे, चेपणे, रस काढणे. याच धातूतून मराठीत 'पिळणे' आलं. ऊस पिळतात, धुणं पिळतात, पोटात पिळवटून येतं. छत्तीसगढीने तो शब्द हाडामांसात नेला, मराठीने तो चरकावर ठेवला आणि तिथून कारखान्यात नेला. पिळवणूक हा आपला शब्द याच घरातला. रोलिंग मिलच्या दाराशी उभं राहून 'पीरा' आणि 'पिळवणूक' ही सख्खी भावंडं आहेत हे आठवलं, तर त्यासाठी कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणाची गरज पडत नाही.

तर पीरा या शब्दात दाबणारं यंत्र आहे. पेन या शब्दात न्यायालय आहे.

इंग्रजीत हा शब्द साधारण 1300 च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचांनी तो लॅटिन 'पोएना'वरून घेतला आणि रोमन लोकांनी ग्रीक 'पोइने'वरून. पोइने म्हणजे दुखणं नव्हे. पोइने म्हणजे रक्ताची किंमत, खून झाल्यावर मारणाऱ्याने मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई. होमरच्या इलियडमध्ये अकिलीझच्या ढालीवर जी चित्रं कोरली आहेत, त्यांत भर चौकात दोन माणसं भांडताना दिसतात. भांडण असतं ठार झालेल्या एका माणसाच्या पोइनेवरून. त्याच महाकाव्यात एजॅक्स अकिलीझला सुनावतो की, लोक भावाच्या नाहीतर मुलाच्या खुनाचीसुद्धा भरपाई घेतात आणि राग गिळतात, मग तुझाच राग का निवळत नाही? या शब्दाचे नातेवाईक दूरदूर पसरले आहेत. रशियनमध्ये 'त्सेना' म्हणजे किंमत. फारसीतला 'कीना' म्हणजे मनात धरलेला डाव. संस्कृतात 'चयते' म्हणजे सूड घेतो, शासन करतो. किंमत, सूड आणि शासन या तिन्ही अर्थांत शरीराला होणारा त्रास अजून कुठेच नाही.

रोमन लोकांनी याचं कोष्टकच करून टाकलं. इसवी सनापूर्वी 450 च्या आसपास त्यांनी कायद्याच्या बारा पाट्या कोरल्या. हाताने किंवा काठीने स्वतंत्र माणसाचं हाड मोडलं तर पोएना 300 आस, गुलामाचं मोडलं तर 150. आस हे त्यांचं नाणं. किरकोळ मारहाणीला 25. हाड दोघांचं सारखंच दुखणार, पण कायदा दुखण्याचा हिशेब करतच नव्हता. पुढे पैशाचं मोल उतरलं आणि 25 आस म्हणजे चिल्लर झाली. ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाने यावर एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. ल्युसियस व्हेरेशियस नावाच्या एका उर्मट श्रीमंताला रस्त्यात भेटेल त्याच्या थोबाडीत मारण्याची हौस होती. त्याच्यामागून पैशाची थैली घेतलेला गुलाम चाले. मालकाने थप्पड मारली की गुलाम त्या माणसाच्या हातावर कायद्याप्रमाणे 25 आस मोजून ठेवी. कायदा तंतोतंत पाळला जाई, आणि थोबाडीतही बसे. अखेर रोमन न्यायाधिकाऱ्यांनी ठरीव आकडा बाजूला ठेवून प्रत्येक प्रकरणात नुकसान किती झालं ते ठरवायला सुरुवात केली.

हसण्याआधी आपल्याकडे पाहू. 1923 साली ब्रिटिश हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. पुढे त्याचं नाव बदललं आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या कुठल्या भागाची हानी म्हणजे कमाईच्या क्षमतेत किती टक्के घट, हे लिहिलेलं होतं. अंगठा गेला तर 30. एका हाताची चारही बोटं गेली तर 50, तीन गेली तर 30, दोन गेली तर 20. दुसरा डोळा चांगला असताना एक गेला तर 40. रोलिंग मिलमध्ये, प्रेसवर, कटाईच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना हे आकडे वकिलाकडून ऐकून पाठ झालेले असतात. रोमच्या कोष्टकापेक्षा हे पुष्कळ न्याय्य आहे, कारण इथे माणूस स्वतंत्र की गुलाम हे विचारत नाहीत. तरी एक साम्य राहिलं. टक्के कमाईच्या क्षमतेचे. बोट तुटतानाचा आणि नंतर थंडीत त्या थोटक्यातून उठणारा ठणका या हिशेबात बसत नाही. रस्ते अपघातांच्या भरपाईत मात्र आपल्या न्यायालयांनी वेदना आणि यातना असा वेगळा रकाना मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या खटल्यात पैशात मोजता येणारं नुकसान आणि न मोजता येणारं नुकसान असा फरक स्पष्ट करून सांगितला, तो पुढच्या निकालांत पुन्हा पुन्हा आला.

पोएनाची इतर मुलं आपल्या घरात आधीच आहेत. हॉकीतला पेनल्टी कॉर्नर, वीजबिल उशिरा भरल्यावर लागणारी पेनल्टी, 1860 चा, 2024 मध्ये रद्द झालेला इंडियन पीनल कोड, सगळे एकाच पोटचे. न्यायालयाचा सबपीना म्हणजे शब्दशः 'दंडाखाली': आला नाहीस तर शिक्षा, अशी तंबी असलेला हुकूम. पेनकिलर हा त्याच घराण्यातला धाकटा, घरातला एकटाच डॉक्टर.

न्यायालयातून हा शब्द अंगात कसा शिरला? वाटेत चर्च लागलं. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पोएना म्हणजे पाप्याला नरकात मिळणारी शिक्षा. इंग्लंडमध्ये हा लॅटिन शब्द खरं तर दोनदा आला. पहिल्यांदा ख्रिस्ती धर्माबरोबर फार आधी आला, तेव्हा त्याचा उच्चार 'पीन'सारखा होता आणि अर्थ छळ. त्यातून उरलं ते झुरणे या अर्थाचं 'पाइन' हे क्रियापद. दुसऱ्यांदा नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आला तो पेन. लोक आधी नरकातल्या शिक्षांना पेन म्हणत. मग त्या शिक्षांनी होणाऱ्या हालांना म्हणू लागले, आणि शेवटी कुणीही शिक्षा न देता पोटात उठलेल्या कळेलाही तेच नाव पडलं. इंग्रजांचे स्वतःचे, जुने, मातीतले शब्द होते: 'सोर' (sore) आणि 'एक' (ache). ते मेले नाहीत, पण धाकटे झाले. डोकं, दात, पोट यांच्या दुखण्याला 'एक' उरला, आणि कागदावर लिहायचा शब्द झाला पेन. 'एक'चं स्पेलिंग आज जे आहे त्याचं बरंचसं श्रेय डॉ. जॉन्सन यांच्या 1755 च्या शब्दकोशाला जातं. तो शब्द ग्रीक आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. तो ग्रीक नव्हता. मोठ्या माणसाने ठामपणे केलेली चूक मुलांना अडीचशे वर्षं पाठ करावी लागते, ती अशी.

शिक्षेचा अर्थ अंगात मुरल्यामुळे काय होतं, ते बाळंतपणाच्या बाबतीत दिसलं. बायबलमध्ये हव्वेला आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून वेदनेने मुलं होतील, असं सांगितलं आहे. 1846 च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. 1847 च्या सुरुवातीलाच एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी ती बाळंतपणात वापरली, आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरायला घेतला. लगेच आक्षेप निघाले की, ही तर देवाने दिलेली शिक्षा, ती माफ करणारे तुम्ही कोण? सिम्प्सन यांनी डिसेंबरात उत्तरादाखल पुस्तिका काढली आणि आक्षेपकांना त्यांच्याच पोथीत पकडलं. हिब्रूत हव्वेसाठी वापरलेल्या शब्दाच्या कुळीचाच शब्द पुढच्या वाक्यात आदमसाठी आला आहे, तिथे तुम्ही त्याचा अर्थ कष्ट करता. मग इथेही कष्टच का नाही? शिवाय आदमची बरगडी काढताना देवानेच त्याला गाढ झोपवलं होतं! पुढे 7 एप्रिल 1853 रोजी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला आणि वादातली हवा निघाली. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासायला दोन आयोग नेमले गेले. रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक, त्याही त्याच शहरातल्या.

हा सगळा पापपुण्याचा गोंधळ पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे असलं काही नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने 'यातना' हा शब्द घ्यावा. यातनेचा मूळ अर्थ परतफेड. संस्कृतात 'वैरयातना' म्हणजे वैराची परतफेड, सूड. तिथून तो शब्द यमाच्या दरबारात गेला. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सांगितलं आहे की, पापी माणसाला मेल्यावर यातना भोगण्यासाठी मुद्दाम वेगळं शरीर मिळतं. जळणारं, तुटणारं शरीर नसेल तर शिक्षा कुणाला करणार, ही त्यामागची व्यवस्था. मग यमयातना आली, आणि आज दाढ दुखली तरी आपण म्हणतो, "काय यातना झाल्या रे रात्रभर!" परतफेड, नरक, शरीर: ग्रीक पोइने ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने यातनाही चालत आली, एकमेकींना न भेटता.

शूळाचंही असंच. शूल म्हणजे अणकुचीदार काठी, सूळ. गुन्हेगाराला ज्यावर चढवत तो सूळ आणि पोटात उठतो तो पोटशूळ हे एकच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या रोगाला शूल का म्हणायचं त्याचं कारणही दिलं आहे: खुंटी ठोकल्यासारखी तीव्र वेदना होते म्हणून. मराठीने त्यात आणखी एक गंमत केली, शेजाऱ्याने गाडी घेतली तरी आपल्या पोटात शूळ उठतो. इकडे सूळ, तर तिकडे क्रूस: असह्य वेदनेला इंग्रजीत 'एक्स्क्रूशिएटिंग' म्हणतात, त्यात रोमन लोकांचा क्रूस आहे. 'टॉर्चर'च्या मुळाशी पिरगळणं आहे, म्हणजे आपला मुरडा. 'ॲगनी' तेवढी वेगळी. तिचं मूळ ग्रीकांच्या आखाड्यात, झुंजीत आहे, न्यायाधीश तिथे नाही. 'अँग्विश' म्हणजे अरुंद जागेत कोंडलं जाणं. ऋग्वेदातलं 'अंहस्' त्याचं भावंड, आणि त्याचा अर्थ संकट आणि पाप असा दोन्ही. हे पाप काही पाठ सोडत नाही.

आपल्या बोलण्यातही ते आहेच. मराठीत शिक्षा भोगतात आणि आजारही भोगतात. "भोग आहेत, भोगून संपवायचे," हे वाक्य मराठी घरांत इतकं सहज येतं की त्यातला न्यायनिवाडा कुणाच्या लक्षातही येत नाही. रात्रीची पाळी करून मणक्याची झीज झालेला माणूस "कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय कोण जाणे" असं म्हणतो, तेव्हा त्याच्या पाळीचे तास, उचललेलं वजन आणि न मिळालेली विश्रांती यांना आपोआप क्लीन चिट मिळते. मला या शब्दांची कुळकथा आवडते, पण त्यांचा हा निवाडा मान्य नाही. दुखणं शिक्षा नसतं. ते कशाने आलं याचं उत्तर बहुतेक वेळा याच जन्मात, याच मिलमध्ये नाहीतर याच मोरीपाशी सापडतं.

'कष्ट' या शब्दाचीही इथे दखल घ्यायला हवी. संस्कृतात कष्ट म्हणजे त्रास, पीडा. मराठीत कष्ट म्हणजे मेहनत, आणि कष्टकरी हा तर मानाचा शब्द. इंग्रजीतही फार मेहनत घेतली की 'पेन्स' घेतल्या असं म्हणतात. फ्रेंच लोक कामाला 'त्रावाय' म्हणतात, त्याच्या मुळाशी तीन खांबांचं, छळ करायचं लॅटिन यंत्र आहे. घाम गाळणाऱ्यांनी शब्द घडवले असते तर कदाचित वेगळे निघाले असते, पण निदान या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत.

शिक्षेच्या छायेतून सुटलेला एक शब्द आपल्याकडे आहे, आणि तो सगळ्यांत सरळ आहे: वेदना. धातू विद्, म्हणजे जाणणे. बौद्ध परंपरेत वेदना सुखद असते, दुःखद असते, आणि दोन्ही नसलेलीही असते. वेदना म्हणजे जाणवणं, एवढंच. मराठीत ती झिजत झिजत 'वेणा' झाली आणि बाळंतिणीच्या खोलीत जाऊन राहिली. सिम्प्सन यांना मराठी येत असतं, तर हव्वेची शिक्षा नव्हे, वेणाच त्या, असं म्हणून त्यांनी पुस्तिकेची चार पानं वाचवली असती.

दुखण्याच्या शब्दांचा दवाखान्यात उपयोग किती, हे रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्यांना जणू फाटक लागतं, असं त्यांनी आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं होतं. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी दुखण्याच्या शब्दांचे गट पाडले आणि 1975 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली: 78 शब्द, 20 गट. ठोके पडल्यासारखं एका गटात, भोसकल्यासारखं दुसऱ्यात, चेपल्यासारखं तिसऱ्यात. रुग्ण कोणता शब्द निवडतो त्यावरून दुखणं नसेचं की स्नायूचं, याचा अंदाज येऊ शकतो. याच यादीच्या एका गटातला पहिला शब्द आहे 'पनिशिंग', शिक्षा केल्यासारखं. तोही पोएनाच्याच पोटचा. वेदनेची तीव्रता एक ते पाच अशी मोजायची, त्यातल्या पाचव्या पायरीवर क्रूसाचा तो 'एक्स्क्रूशिएटिंग' बसला आहे. म्हणजे रोम अजून दवाखान्यात आहेच.

मराठीची यादी कमी नाही. गळवाचा ठणका असतो, नखुरड्याची ठसठस, दातातून सणक येते, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, पायात पेटके येतात, पोटात कळ किंवा मुरडा, लघवीला आग, जखमेला चुरचुर, डोळ्यांत खुपतं, खांदा भरून येतो, हाताला रग लागते, अंगात कसकस, अर्धं डोकं दुखलं तर अर्धशिशी. ठणका वेगळा आणि आग वेगळी. डॉक्टरला नेमकं हेच हवं असतं. पण इंग्रजी शिकलेला मराठी माणूस दवाखान्यात जाऊन काय सांगतो? "पेन आहे." सातशे वर्षं जुना दंडाचा शब्द, आणि त्यातून ना जागा कळत ना जात.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 1979 मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि 2020 मध्ये ती सुधारली. इजा झालेली दिसली पाहिजे अशी अट त्यात नाही. इजेसारखं जाणवलं तरी ती वेदना. सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं आहे की, माणूस आपल्याला दुखतंय असं सांगतो त्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ठणका, कळ, सणक, आग यांपैकी जे असेल ते त्याच नावाने सांगा. आणि तुम्ही स्वतः रायपूरकडचे मराठी डॉक्टर असाल, तर 'पिरावत हे' म्हणणाऱ्याला एवढं जरूर विचारा: दाबल्यासारखं, पिळल्यासारखं, की टोचल्यासारखं?